पुष्पा सिस्टरचा ग्रुप

पुष्पा गेल्याची बातमी मला आधी मंजूर करावी लागली आणि मग तिच्यावर विश्वास ठेवावा लागला. सकाळचे साडेदहा वाजले असतील. अकोल्याच्या घरी मी मेथी निवडत बसले होते आणि मोबाईलवर नेहमीची सूचना आली, की ‘दोन्ही वस्त्या’ या आमच्या ग्रुपवर एक पोस्ट मंजुरीसाठी थांबली आहे. बडनेऱ्याच्या कुणीतरी लिहिलं होतं, की आपल्या सर्वांच्या लाडक्या पुष्पा सिस्टर यांचं आज पहाटे हृदयविकाराच्या झटक्यानं निधन झालं, ग्रुपच्या संस्थापक म्हणून त्या सदैव स्मरणात राहतील... गेले काही महिने त्या ग्रुपवर कुणीही काही लिहिलं, तरी आम्हा दोघींपैकी एकीनं वाचून परवानगी दिल्याशिवाय ते लोकांना दिसत नसे. दोघींपैकी एक आता नव्हती, म्हणजे बटण मलाच दाबायचं होतं. मी हात धुतले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. खरं सांगते, पहिली वीस मिनिटं मी रडले नाही. मी ‘संस्थापक’ या शब्दाकडे पाहत बसले. ग्रुप मी काढला होता, नाव मी ठेवलं होतं, नियम मी लिहिले होते. पन्नास वर्षांहून जुनी मैत्रीण गेली होती आणि मला राग आला होता तो त्या एका शब्दाचा. तेवढ्यात तिच्या मुलीचा, अश्विनीचा फोन आला आणि तिच्या आवाजानं मी भानावर आले. बटण मी त्यानंतर दाबलं. विश्वास बसायला आणखी वेळ लागला.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी ‘तुमच्या मैत्रिणीवर लिहा’ म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. नेहमीसारखं लिहिता आलं असतं... सेवाभावी, हसतमुख, सर्वांच्या हाकेला धावून जाणारी. ती तशी होतीच. पण तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काय वाटलं असेल, तर तो हेवा. प्रेम त्याच्या खालोखाल. पुष्पावर लिहायचं आणि हे लपवायचं, हे मला जमणार नाही. एकदा लपवून बघितलं आहे.

आमचे दोघींचे वडील रेल्वेत. माझे तिकीट खिडकीवर, तिचे रुळांवर, गँगमन. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. तिच्या आईला मी मावशी म्हणत असे, ती नात्यानं नाही, त्या भिंतीमुळे. शाळेत पहिला नंबर माझा असायचा. पुष्पा पास व्हायची. तरी शाळा सुटल्यावर मुली तिच्याभोवती असत आणि मी पुस्तकं छातीशी धरून दोन पावलं मागे. माझी आई मला ‘हुशार’ म्हणायची आणि तिला ‘गुणाची’ म्हणायची. या दोन शब्दांतला फरक मला फार लहानपणी कळला आणि तेव्हापासून तो बोचत राहिला. पुढे मी मराठीत एम.ए. करून अकोल्याच्या कॉलेजात लागले. तिनं अमरावतीला नर्सिंगचा कोर्स केला आणि ती एएनएम, म्हणजे सरकारी परिचारिका, झाली. आधी हिवरखेड, मग परतवाड्याकडे, शेअर जीपच्या टपाला लटकायचं तेवढं बाकी ठेवून गावोगाव फिरली आणि नोकरीची शेवटची पंचवीस वर्षं बडनेऱ्यात होती. लसीची थंड पेटी खांद्याला आणि घरोघर पायपीट. माझ्या आईची शेवटची दुखणी बडनेऱ्यातच निघाली. मी रजा काढून उशाशी बसले होते, तिचा हात माझ्या हातात होता आणि ती डोळे न उघडता विचारत होती, “पुष्पी आली का वं?” मी म्हटलं, येईल. उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. आई जाते आहे म्हणून रडले, असं सगळ्यांना वाटलं.

निवृत्तीनंतर मला वाचक हवे होते. कॉलेज सुटलं तशी ऐकणारी मुलंही सुटली आणि पुरवणीतली सदरं कोण वाचतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून बडनेऱ्याच्या लोकांसाठी मी मोबाईलवर ग्रुप काढला. गावाच्या मधून रेल्वे जाते, अलीकडे नवी वस्ती, पलीकडे जुनी. दोन्हींनी एकमेकांशी चार शब्द चांगले बोलावेत, आठवणी लिहाव्यात आणि अधूनमधून माझे लेख वाचावेत, एवढी माझी इच्छा होती. त्यासाठी मी एकवीस कलमांची नियमावली लिहिली. आजही ती मला सुंदर वाटते. ती कुणीही वाचली नाही. महिन्याभरात माणसं भराभर आली आणि सोबत शिव्या आल्या, अफवा आल्या, उणीदुणी आली. मी अकोल्यात, गाव तिथे. कोण कोण आहे, कोण खोट्या नावानं लिहितो, काही पत्ता लागेना. म्हणून मी पुष्पाला माझ्या बरोबरीचे अधिकार दिले. मनात मात्र तिला मदतनीस म्हणूनच घेतलं होतं. कुठलं बटण कशासाठी, हे मी तिला अख्खा एक दिवस शिकवलं. पोस्ट लपवायची कशी, काढायची कशी, माणसाला बाहेर घालवायचं कसं. ती म्हणाली, “लपवाचं बटण तेवढं दाखव. बाकीचे राहू दे.”

का, ते पंधरा दिवसांनी कळलं. गजानन नावाचा एक इलेक्ट्रिकचा दुकानदार होता, नव्या वस्तीतला. त्याच्या भोंग्याची तक्रार एका शिक्षिकेनं केली म्हणून त्यानं तिच्याबद्दल ग्रुपवर असं काही लिहिलं, की मला ते इथं सांगता येणार नाही. मी कलम सात लावून पोस्ट काढायला निघाले, तर पुष्पानं ती आधीच लपवून ठेवलेली. फोन केला तर म्हणे, थांब, मी त्याच्या घरी जाऊन येते. गेली. चपला काढून आत बसली. चहा मागितला. त्याच्या आईला, बायकोला बाहेर बोलावलं. आणि मग स्वतःचा मोबाईल त्याच्यापुढे धरून म्हणाली, “हे तू लिवलं ना? वाच. मोठ्यानं वाच. माय आयकून राहिली.” गजाननानं दीड ओळ वाचली आणि त्याचा आवाज गेला. मग त्यानं आपल्याच हातानं ते पुसलं. पुष्पानं चहा संपवला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि निघाली. पुढे हीच तिची रीत झाली. घरातल्यांसमोर शेवटपर्यंत वाचता आलं तर पोस्ट ती स्वतः ग्रुपवर लावायची, नाही तर लिहिणाऱ्यानंच काढायची. तिनं एकही पोस्ट आपल्या हातानं काढली नाही. एकदा जुन्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं नगरसेवकाला नळाच्या पाण्यावरून दिलेल्या शिव्या बायकोसमोर खणखणीत वाचून दाखवल्या आणि बायकोनं त्यात दोन वाढवून दिल्या. पुष्पानं ती पोस्ट वाढीव शिव्यांसकट लावली.

दारं तिच्यासाठी उघडत, कारण त्यांतल्या अर्ध्या लोकांना लहानपणी तिनंच सुई टोचली होती. मोठाले मिशीवाले बाप्ये तिला पाहिलं की दंड चोळत. मला हे सगळं फार खुपायचं. मी तिला सांगायचे, की याला पद्धत म्हणत नाहीत. मोठ्या कंपनीचं ॲप आहे, कोट्यवधी माणसं लिहितात, त्यांचे नियम आहेत, आधी यंत्र तपासतं, मग माणूस तपासतो, सरकारनं तक्रार अधिकारी नेमायला लावला आहे... या सगळ्यात घरी जाऊन चहा पिण्याची सोय कुठे आहे? ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, कोट्यवधींचं कंपनीनं पाहावं, माझ्याच्यानं बडनेरा होते. माझ्या घरातही तेच. ग्रुपवर काही गुंता झाला की आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणत, पुष्पाला विचार ना. लोक तर केव्हाच ‘पुष्पा सिस्टरचा ग्रुप’ म्हणू लागले होते. स्टेशनवर एका बाईनं मला विचारलं, “तुमी पन पुष्पा सिस्टरच्या ग्रुपात हाय का?” मी हो म्हटलं आणि गाडीत बसून अकोल्यापर्यंत कुणाशी बोलले नाही.

कंपनीचं यंत्र काय करतं, ते आम्हाला तिच्याच एका पोस्टवरून कळलं. पुष्पानं बाळंतिणींसाठी एक चित्र काढलं होतं. बाळाला छातीशी कसं धरायचं, त्याचं तोंड कुठे यायला हवं, असं वहीच्या पानावर पेन्सिलनं. तिचा हात काही चित्रकाराचा नव्हता, पण पाहणारीला नेमकं कळत होतं. ते तिनं ग्रुपवर टाकलं आणि तासाभरात कंपनीनं अश्लील म्हणून काढून टाकलं, वर तिच्या खात्याला ताकीद दिली. मी संतापले. पुष्पा हसत सुटली. “मशिनले माय नसते ना वं सुमे,” म्हणाली. “त्याले काय समजते?” मी कंपनीला रीतसर अर्ज लिहिला, त्यांच्या कुण्या माणसानं पाहिलं आणि चित्र परत आलं, ताकीद मात्र तिच्या खात्यावर तशीच राहिली. ते माझ्या अर्जामुळे परत आलं, हे मी ग्रुपवर कळवलं. खाली लोकांनी पुष्पा सिस्टरचं अभिनंदन केलं.

आणि मग ती मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा आली. कुठल्या तरी परमुलखातला एक व्हिडिओ, रडणारं मूल, पळणारी बाई, आणि खाली लिहिलेलं, की ही टोळी आता अमरावतीत उतरली आहे. तो ग्रुपवर येण्याआधी फोनाफोनी होऊन गावभर झाला होता. मी कंपनीकडे तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, की या व्हिडिओत आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. पेन्सिलीच्या बाईनं भंग केला होता, यानं नाही. त्या दोन दिवसांतच नव्या वस्तीत एका बोहारणीला लोकांनी घेरलं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई ती, दुपारच्या वेळी शाळेजवळून चालली होती, एवढाच तिचा गुन्हा. कुणी तिचे केस धरले होते. पुष्पा घोळक्यात शिरली आणि बोहारणीच्या शेजारी मातीतच बसकण मारली. म्हणाली, आता दोघींले मारा. कुणी हात उचलेना. मग तिनं व्हिडिओ गावात आणणाऱ्या माणसाला शोधून काढलं आणि त्याच्या आईसमोर नाही, त्या बोहारणीसमोर उभं करून त्यानं खाली लिहिलेलं वाचायला लावलं. तो वाचू शकला नाही. सगळ्यांदेखत त्यानं तिची विखुरलेली भांडी वेचली. मी त्या दिवशी तिथे असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे. मी बहुधा पोलिसांना फोन लावला असता आणि त्यांच्याशी अतिशय शुद्ध मराठीत बोलले असते.

पेपरात तिचा फोटो आला. त्या बातमीत माझा उल्लेख ‘एक मैत्रीण’ एवढाच होता. पाठोपाठ अमरावतीच्या एका कॉलेजनं तिला व्याख्यानाला बोलावलं, विषय समाजमाध्यमं आणि आपली जबाबदारी. त्या कॉलेजच्या सभागृहात एकदा तरी बोलायला मिळावं, म्हणून मी नोकरीची तीस वर्षं वाट पाहिली होती. तिनं मलाच फोन करून विचारलं, की भाषण कसं लिहितात ते सांगतेस का, मला काही जमत नाही. मी तिला भाषण लिहून दिलं. व्यासपीठावर तिनं तो कागद चष्म्याच्या डबीखाली ठेवला आणि आपल्या मनानंच बोलली, अर्धा तास. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि माझ्या कानशिलांतून जाळ निघत होता. भाषणात तिनं माझं नाव तीनदा घेतलं, ‘ग्रुप माह्या सुमीचा हाय’ असंही म्हणाली. त्यानं तर आणखीच चटका बसला. माझाच ग्रुप मला द्यायला तो तिच्याकडे होता, याचाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्यात मी मोबाईल उघडला. पुष्पाचं ते चित्र ग्रुपवर होतं. मी नुसतं तक्रारीचं बटण दाबलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं. पण मी मराठीची प्राध्यापक. मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सविस्तर मजकूर लिहिला. ‘सेवाभावाच्या आवरणाखाली स्त्रीदेहाचे अशोभनीय प्रदर्शन’ असं मी त्यात लिहिलं. ‘सदर व्यक्तीस यापूर्वी ताकीद मिळालेली असूनही’ असंही लिहिलं. दोनदा वाचून एक शब्द बदलला. पाठवून दिल्यावर मला फार हलकं वाटलं, हेही लिहून ठेवते. तीन दिवसांत चित्र गेलं आणि ताकीद आधीची असल्यामुळे पुष्पाचं खातं महिनाभरासाठी बंद झालं. कुणाच्या तक्रारीवरून, हे कंपनी सांगत नाही. पुष्पानं सगळ्यात आधी मलाच फोन केला. म्हणाली, आता महिनाभर तुलेच पाहा लागन बाई.

महिनाभर ग्रुप माझा होता. मी एकवीस कलमं बाहेर काढली आणि अकोल्याच्या खुर्चीवरून पटापट पोस्टी उडवायला सुरुवात केली. आठच दिवसांत जुन्या वस्तीला वाटू लागलं, की नव्या वस्तीच्या सांगण्यावरून आपलं काढतात, आणि नव्या वस्तीला नेमकं उलटं वाटू लागलं. मी लिहिणाऱ्यांना कलमांचे क्रमांक कळवत होते. एका कट्ट्यावर हमरीतुमरी झाली, कुणाच्या तरी दुकानाची पाटी फुटली. पुष्पा शेजारणीच्या मोबाईलवर काय चाललं आहे ते बघायची आणि निघायची, या घरी, त्या घरी. मी फोनवर म्हटलं, अगं तुझं खातं बंद आहे. ती म्हणाली, “खातं बंद हाय, पाय तं चालू हाय ना.”

त्याच महिन्यात मी काही कामानं बडनेऱ्याला गेले होते, तेव्हा तिच्याकडे थांबले. ती म्हणाली, तुझा मोबाईल दे, एका घराचं काय झालं ते मला पाहायचं आहे. मी सहज दिला. मी आत मावशीजवळ बसले होते आणि ती बाहेर ओट्यावर, अर्धा तास तरी. परत देताना ती नेहमीसारखीच होती. मला पोळी-भाजी खाऊ घातली, स्टेशनपर्यंत सोडायला आली. गाडी सुटल्यावर मी मोबाईल उघडला, तर कंपनीचं पत्र आलेलं होतं. आपल्या तक्रारीवर केलेली कारवाई अंतिम आहे, आभारी आहोत... आणि खाली माझा संपूर्ण मजकूर जसाच्या तसा जोडलेला. पत्र ती ओट्यावर असतानाच आलं होतं. आणि ते उघडून वाचलेलं होतं.

चार दिवसांनी पुष्पा अकोल्याला आली. न कळवता, सकाळच्या पॅसेंजरनं. हे बाहेर गेले होते. ती चपला काढून आत बसली आणि म्हणाली, “चाय ठेव वं.” मी गॅस पेटवला. तिची ही रीत मी इतक्यांदा फोनवरून ऐकली होती, की पुढे काय येणार ते मला पाठ होतं. पण माझ्या घरी तिनं मोबाईल काढला नाही. चहा बशीत ओतून घेतला, दोन घोट घेतले आणि विचारलं, “काही नवीन लिवलं का सुमे? वाचून दाखव.” टेबलावर पुरवणीचा लेख पडला होता, जुन्या म्हणींवरचा. मी तो वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तिनं पूर्ण ऐकला, एकदाही मधे बोलली नाही. “चांगला हाय,” म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “अजून काही?”

मी म्हटलं, नाही.

ती आणखी थोडा वेळ बसली. माझ्या कुंडीतल्या तुळशीला पाणी कमी पडतंय असं म्हणाली. मग दुपारच्या गाडीनं परत गेली. दारापर्यंत गेले तेव्हा तोंडात शब्द आला होता, अगदी ओठावर आला होता... आणि मी काय बोलले असेन? म्हटलं, “सावकाश जा.”

पुढे तिचं खातं सुरू झालं. ती पहिल्यासारखीच वागत राहिली, फोन करायची, थट्टा करायची. चित्र मात्र तिनं पुन्हा टाकलं नाही. मी रोज ठरवायचे, की उद्या सांगू. पाच महिने गेले. एखाद्या दिवशी वाटायचं, तिनं पत्र वाचलंच नसेल, चुकून उघडलं गेलं असेल. एखाद्या दिवशी तिचाच राग यायचा, की बाई, भांडत का नाहीस, दोन शिव्या घाल आणि मोकळी कर. गजाननाला वाच म्हणालीस, मला का नाही म्हणालीस? त्यातही मला डावललं, असं वाटायचं. आणि मग एका सकाळी मेथी निवडताना ती सूचना आली.

तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा मांडव दोन्ही वस्त्यांनी भरला होता. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. गजानन बोलला. ती बोहारीण आली होती, ती नुसती उभी राहिली, हात जोडले आणि बसली. अश्विनीनं मला बोलायला सांगितलं, ‘मावशी, तुम्ही लेखिका आहात’ म्हणून. मी बोलले, आणि फार चांगलं बोलले. दोघातिघांनी येऊन सांगितलं, की डोळ्यांत पाणी आणलंत. त्यांतलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि त्यांत एकही वाक्य माझं नव्हतं.

हा लेख लिहायला घेतला आणि पहिल्या परिच्छेदावरच अडले. चार दिवस अडले. पाचव्या दिवशी सकाळची गाडी धरली आणि बडनेऱ्याला गेले. अश्विनी ड्यूटीवर गेली होती. मावशी एकटी पलंगावर बसली होती. नव्वदीला आलेली बाई, लेक गेल्यापासून आणखी लहान झालेली. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, मावशी, मला काही सांगायचं आहे. ती म्हणाली, “मले कमी आयकू येते. मोठ्यानं बोल.” मी मोबाईल काढला, कंपनीचं ते पत्र शोधलं आणि खालचा माझा मजकूर वाचायला लागले. पहिलं वाक्य वाचलं. तिनं कानामागे हात धरला. “मोठ्यानं.” मग मी मोठ्यानं वाचलं. शेजारचं दार उघडं होतं, रस्त्यानं माणसं जात होती. सेवाभावाच्या आवरणाखाली स्त्रीदेहाचे अशोभनीय प्रदर्शन... तिच्या आईसमोर, जिनं भिंतीपलीकडून मला अर्धं लहानपण जेवू घातलं होतं. माझा आवाज दोनदा गेला. मी पाणी प्याले आणि पुढचं वाचलं. खाली माझं नाव होतं, तेही वाचलं.

मावशीनं माझ्या हातातला मोबाईल घेऊन उशीजवळ पालथा ठेवला.

“ठाऊक हाय मले,” ती म्हणाली. “पुष्पीनं सांगतलं होतं. अकोल्यावून आली त्या दिवशीच.”

मी विचारलं, काय म्हणाली ती?

“म्हणे, आज नाही बोलली सुमी. पन येईन. तिले वेळ लागते, पन ते येईन, आन तुह्याच समोर वाचीन. तू तिले रागावजो नको, चाय पाजजो.”

आयुष्यभर तिनं मला ओळखलं, माझ्या आईनं ओळखलं नाही तितकं. माझ्याबाबतीत तरी एकदा तिचा अंदाज चुकायला हवा होता. तोही चुकला नाही, आणि मावशीच्या पायाशी बसून, नाक पुसत, मला पुन्हा तिचा हेवाच वाटला. मावशी भिंतीला धरून उठली. मी म्हटलं, राहू दे, मी करते. ती नाही म्हणाली. पुष्पीनं सांगून ठेवलं आहे, म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.